हिरव्या पानांतील वीज

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत पिंपळगाव रेणुकाई नांवाचें गांव आहे. हिरव्या मिरचीची बाजारपेठ म्हणून मराठवाड्यांत त्याची ख्याति आहे. मिरचीचें पोतें मोकळें झालें कीं खरेदी करणाऱ्याची नजर प्रथम रंगावर जाते. गडद हिरवी व तुकतुकीत मिरची ताजी समजावयाची. जिच्यावर तांबूस झांक आली ती वेगळी काढावयाची. ज्या हिरवेपणावर हंगामांत येथें भाव ठरतो, तो हिरवेपणा म्हणजे मिरचीला वरून दिलेला रंग नव्हे. तो एका यंत्राचा रंग आहे. त्या यंत्रावर ऊन पडलें कीं त्यांत वीज उत्पन्न होते, आणि त्या विजेवर मिरचीच्या झाडाचाच नव्हे, तर बाजारांत आलेल्या माणसांचाहि प्रपंच चालतो. कारण भाकरी काय किंवा बैलाचा कडबा काय, दोहोंचा उगम त्याच यंत्रांत आहे.

झाडांत वीज असते हें विधान अलंकारिक नव्हे. तारेंतून वाहणारी वीज म्हणजे इलेक्ट्रॉन या अतिसूक्ष्म कणांचा प्रवाह होय. पानाच्या पेशींत हरितलवक नांवाचे हिरवे कण असतात, आणि प्रत्येक हरितलवकांत पातळ पडदे भाकरींच्या चवडीप्रमाणें एकावर एक रचलेले असतात. या पडद्यांत हरितद्रव्य आणि प्रथिनें यांच्या दोन प्रकारच्या जुळण्या बसविलेल्या आहेत. त्यांना पहिली व दुसरी प्रकाशप्रणाली म्हणतात. काम मात्र दुसरीपासून सुरू होतें. नांवें पडलीं तीं शोधाच्या क्रमानें, कामाच्या क्रमानें नव्हेत.

विहीर खोल असली आणि शेत उंचावर असलें म्हणजे पाणी दोन टप्प्यांनीं चढवावें लागतें. एका मोटेनें तें मधल्या हौदांत यावयाचें आणि दुसऱ्या मोटेनें हौदांतून वरच्या पाटांत जावयाचें. पानांतहि असाच दोन टप्प्यांचा उपसा चालतो. येथें पाण्याच्या जागीं इलेक्ट्रॉन आहेत आणि बैलांच्या जागीं प्रकाश. दुसरी प्रणाली प्रत्यक्ष पाण्याचेंच विघटन करते. तिच्यांत मँगॅनीज व कॅल्शियम या धातूंचा एक लहानसा पुंजका असतो. प्रकाशाच्या चार आघातांनीं दोन जलरेणूंतून चार इलेक्ट्रॉन निघतात आणि प्राणवायूचा एक रेणु मोकळा होतो. हे इलेक्ट्रॉन उतारानें वाहत पहिल्या प्रणालीकडे येतात; तेथें प्रकाशाचा दुसरा हिसका त्यांना आणखी वर चढवितो, आणि मग ते एका लोहयुक्त प्रथिनाच्या हवालीं होतात. तेथून पुढें त्यांचा उपयोग हवेंतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनविण्याकडे होतो. माणूस ज्याच्यावर जगतो तो प्राणवायु या कारखान्याचा टाकाऊ माल आहे, असें म्हटलें तर तें कानाला बरें लागणार नाहीं; पण वस्तुस्थिति तशीच आहे.

झाडाच्या या हिशेबांत एक विलक्षण विसंगति दिसून येते. पहिल्या प्रणालीनें प्रकाशाचा कण एकदां टिपला म्हणजे त्याच्या मोबदल्यांत इलेक्ट्रॉन पुढें गेला नाहीं, असें जवळजवळ कधींच घडत नाहीं. शंभर कण टिपले तर शंभराच्या अगदीं जवळपास इलेक्ट्रॉन हातीं येतात. उलट शेतांतील उभ्या पिकाचा हंगामभराचा हिशेब मांडला, तर अंगावर पडलेल्या सूर्यशक्तीपैकीं शेंकडा एकाच्या आसपासच शक्ति त्याच्या शरीरांत सांठते. कित्येकदां तीहि नाहीं. मिरचीसारख्या झाडांना सर्व परिस्थिति अनुकूल मानली तरी शेंकडा साडेचार, आणि ज्वारी-मक्यासारख्यांना शेंकडा सहा, ही गणितानें काढलेली कमाल मर्यादा आहे. निम्मा सूर्यप्रकाश तर हरितद्रव्याला टिपतांच येत नाहीं. उरलेल्यांतील बराच भाग उष्णतेंत, साखर बनविण्याच्या खटाटोपांत आणि झाडाच्या श्वसनांत खर्चीं पडतो. म्हणजे टिपलेल्या प्रकाशापुरतें बोलावयाचें तर मोठी गळती पुढच्या पाटांत आहे, मोटेंत नाहीं. तेव्हां साखर होण्यापूर्वींच इलेक्ट्रॉन मध्यें वळवून तारेंत सोडले तर काय होईल, हा विचार शास्त्रज्ञांच्या मनांत येणें स्वाभाविक होतें.

या विचाराचें मूळ बरेंच जुनें आहे. झाडें प्राणवायु सोडतात तो हिरव्या भागांतून आणि उजेडांतच सोडतात, हें यान इंगेनहौस या डच वैद्यानें १७७९ सालीं दाखवून दिलें. परंतु खरें वळण लागलें तें १९३७ सालीं. केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनीं पानांतून हरितलवक वेगळे काढले, त्यांना कार्बन डायऑक्साइड न देतां लोहाचें एक लवण दिलें, आणि उजेडांत ठेवलें. प्राणवायु निघूं लागला. साखर मात्र झाली नाहीं. झाडानें साखरेसाठीं उचललेले इलेक्ट्रॉन त्या लवणानें घेतले होते. इलेक्ट्रॉन उचलणें आणि साखर बनविणें हीं दोन वेगळीं कामें असून पहिलें दुसऱ्यावांचून चालूं शकतें, ही गोष्ट त्या साध्या प्रयोगानें उघड झाली. जें लोहाच्या लवणाला देतां येतें तें तारेला कां देतां येऊं नये?

हा प्रश्न विचारणें सोपें. पण ज्या यंत्राला तार जोडावयाची तें यंत्र दिसतें कसें, हेंच कित्येक वर्षें कोणाला ठाऊक नव्हतें. २००१ सालीं बर्लिन येथील शास्त्रज्ञांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें पहिल्या प्रणालीची रचना उकलली. त्यांनीं ती झाडापासून नव्हे, तर उष्ण झऱ्यांत वाढणाऱ्या नीलहरित जंतूपासून घेतली होती. या जंतूंना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. डबक्यावर जी हिरवट निळी साय धरते ती पुष्कळदां त्यांचीच असते. एका जुळणींत हरितद्रव्याचे ९६ रेणु आणि त्यांच्या जोडीला कॅरोटिन कुळांतील २२ पिवळे रेणु आढळले. यांतील बहुतेक हरितद्रव्य केवळ प्रकाश झेलून मध्यभागींच्या एका जोडीकडे पोंचवितें, आणि इलेक्ट्रॉन सुटतो तो त्या जोडींतून. पिवळे रेणु प्रकाश झेलण्यास हातभार लावतात आणि अति प्रकाशापासून यंत्राचें रक्षणहि करतात. मिरची पिकूं लागली म्हणजे तिच्या सालींतील हेंच यंत्र मोडीत निघतें; हरितद्रव्य नाहींसें होतें आणि कॅरोटिनच्याच कुळांतील कॅप्सॅन्थिन हें लाल द्रव्य सांठतें. तांबडी मिरची म्हणजे एका अर्थीं बंद झालेलें वीजघरच होय.

यंत्र कळलें, तेव्हां तार जोडण्याचे प्रयत्न जोरानें सुरू झाले. त्यांतला एक प्रयत्न अगदीं सरळ होता. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०१० सालीं एका एकपेशीय शैवालाच्या जिवंत पेशींत सोन्याची अतिसूक्ष्म सुई खुपसण्यांत आली आणि हरितलवकांतून इलेक्ट्रॉन थेट बाहेर काढण्यांत आले. एका पेशींतून मिळालेला प्रवाह सुमारें १.२ पिकोअँपिअर भरला. अँपिअरच्या एक अब्जांशाचा पुन्हां हजारावा भाग म्हणजे एक पिकोअँपिअर. पेशी जगे ती फार तर तासभर. विजेचा दिवा लावण्यासाठीं किती पेशींना किती सुया टोंचाव्या लागतील याचा हिशेब करण्याची कोणी तसदी घेतली नसेल. परंतु पानांतली वीज सुईच्या टोंकावर मोजतां येते, एवढें सिद्ध झालें.

यानंतरचा प्रयत्न असा कीं ज्याची वार्ता जगभर गेली, आणि जिचा संबंध पिंपळगाव रेणुकाईसारख्या गांवांशीं थेट जोडला गेला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील आंद्रेआस मर्शिन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१२ च्या फेब्रुवारींत आपलें काम प्रसिद्ध केलें. त्यांनीं उष्ण झऱ्यांतील नीलहरित जंतूंतून पहिली प्रणाली काढून घेतली आणि ती विजेच्या पृष्ठावर बसविली. येथें एक अडचण होती. सपाट पृष्ठावर या प्रथिनांचा एकच थर बसतो, आणि एवढ्या पातळ थरांतून प्रकाश बहुतांशीं आरपार निघून जातो. झाडानें ही अडचण पडद्यांची चवड रचून दूर केली आहे. संशोधकांनीं झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म काड्या पृष्ठावर उभ्या वाढविल्या आणि त्या काड्यांच्या अंगावर प्रथिनें बसविलीं. ज्वारीच्या दाट शेतांत वरच्या पानांतून निसटलेलें ऊन खालच्या पानांना सांपडतें, तसाच हा प्रकार. प्रकाशानें सुटलेला इलेक्ट्रॉन काडीवाटे तारेंत जातो, बाहेर काम करून येतो, आणि भोंवतालच्या द्रावांतील लवण त्याला पुन्हां प्रथिनाकडे पोंचवितें.

या घटांत उन्हाच्या शक्तीपैकीं शेंकडा ०.०८ इतकी शक्ति विजेच्या रूपानें मिळाली. पूर्वींच्या अशा प्रयत्नांच्या मानानें ही मजल फार मोठी होती, आणि म्हणूनच मोठी आशा व्यक्त झाली. कांहीं वर्षांनीं असा दिवस येईल, कीं दूरच्या खेड्यांतील माणूस स्वस्त रसायनांची एक पुडी विकत घेईल, ती गवतांत अगर पाल्यांत कालवील, छपरावर सारवील, आणि त्याच्या घरांत वीज येईल, असें तें चित्र होतें. वर्तमानपत्रांनीं तें हौसेनें रंगविलें. तशी पुडी अद्यापि कोणत्याहि बाजारांत आलेली नाहीं.

ती कां आली नाहीं हें समजण्यासाठीं प्रथम साधें अंकगणित पुरे आहे. सूर्य माथ्यावर असतां एक चौरस मीटर जागेवर सुमारें १,००० वॅट शक्ति पडते. शेंकडा ०.०८ या मानानें त्यांतून ०.८ वॅट वीज मिळेल. पांच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारें ३,७०० वॅट लागतात. म्हणजे एका विहिरीवरचा एक पंप ऐन दुपारीं चालविण्यासाठीं सुमारें ४,६०० चौरस मीटर, अर्थात् एक एकर आणि वर पांच-सहा गुंठे, एवढी जागा या घटांनीं झांकावी लागेल. आणि मग पाणी द्यावयाचें तरी कशाला? सिलिकॉनचें आजचें सौर पॅनेल शेंकडा २० च्या आसपास काम देतें. त्याला याच कामासाठीं सुमारें १९ चौरस मीटर, म्हणजे दोनशें चौरस फूट जागा पुरते. व्यवहारांत दोन्ही आंकडे थोडे वाढवून घ्यावे लागतात. महाराष्ट्रांत २०२४ सालीं ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली ती या सिलिकॉनच्या पॅनेलांवर. ज्याला आज पाणी उपसावयाचें आहे त्यानें पाल्याच्या विजेची वाट पाहत थांबूं नये, हें येथें स्वच्छ सांगणें भाग आहे.

तरीहि केवळ आंकडा लहान म्हणून हा विषय मोडीत काढणें न्यायाचें होणार नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट तयार झाला, तेव्हां तोहि शेंकडा सहाच वीज देत असे. हरितद्रव्याच्या घटाचें काम शेंकडा एकावर जरी पोंचलें, तरी एकराचे पावणेचार गुंठे होतील. खरी अडचण आंकड्याहून खोल आहे. ती आयुष्याची आहे.

उन्हांत काम करणारें प्रथिन उन्हानेंच झिजतें. दुसऱ्या प्रणालींत डी-१ नांवाचें एक मध्यवर्तीं प्रथिन आहे. पाण्यातून इलेक्ट्रॉन ओढून काढण्याचें काम इतकें जहाल आहे कीं कडक उन्हांत हें प्रथिन सुमारें अर्ध्या तासांत निकामी होतें. जिवंत पानाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. बिघडलेला भाग काढावयाचा आणि नवा बनवून बसवावयाचा, ही दुरुस्ती तेथें दिवसभर अखंड चालू असते. भोकरदनच्या उन्हांत सकाळपासून सायंकाळपर्यंत उभी असलेली मिरची दिवसाकाठीं कितीदां तरी आपलें यंत्र सांधून घेते. तेंच यंत्र पानांतून उपटून कांचेवर बसविलें म्हणजे त्याचा कारागीर मागेंच राहतो. पहिली प्रणाली दुसरीहून पुष्कळ चिवट आहे, म्हणून बहुतेक घट तिच्यावर उभारले जातात. पण तिचेंहि बळ कालांतरानें ओसरतें, आणि तिला पाण्यापासून इलेक्ट्रॉन काढतां येत नसल्यामुळें ते तिला बाहेरून पुरवावे लागतात. पॅनेल पंचवीस वर्षें छपरावर राहावें अशी अपेक्षा असते. त्या अपेक्षेपुढें हीं सुटीं प्रथिनें टिकत नाहींत.

मग कारागिरासकट सारा कारखानाच उचलला तर? या मार्गानें जाणाऱ्यांपैकीं केंब्रिज विद्यापीठांतील पाओलो बोंबेली व ख्रिस्तोफर हाउ यांचें काम विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं नीलहरित जंतु जिवंत ठेवून, त्यांना ॲल्युमिनियमच्या पृष्ठाशेजारीं एका लहान बंद पात्रांत वाढविलें. पात्राचा आकार घड्याळांत घालतात त्या पेन्सिल सेलएवढा. या पात्रानें घरांतल्या साध्या उजेडांत एक सूक्ष्म संगणक-चकती सहा महिन्यांहून अधिक काळ चालविली. हें वृत्त २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. रात्रीं अंधार पडला तरी प्रवाह थांबला नाहीं, कारण दिवसां सांठविलेलें अन्न जंतु रात्रीं पचवीत होते. चकतीची भूक मात्र मुंगीएवढी होती: काम चालू असतां तिला ०.३ मायक्रोवॅट, म्हणजे वॅटच्या दहा लाखाव्या भागाच्याहि तिसऱ्या हिश्शाएवढी शक्ति लागे. शिवाय या विजेचा किती भाग जंतूंच्या इलेक्ट्रॉनांचा आणि किती भाग जंतूंच्या सहवासानें झिजणाऱ्या ॲल्युमिनियमचा, हा प्रश्न संशोधकांनीं स्वतःच उघडा ठेवला. ही प्रांजळता स्तुत्य आहे. पुडीच्या बातमींत ती फारशी दिसली नव्हती.

जिवंत जंतूंवर काम करावयाचें तर जंतु जोमदार हवा, लवकर वाढणारा हवा, उष्ण हवेला सरावलेला हवा. असे जंतु शोधण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या पवई तलावांतून तेथील आय. आय. टी.च्या संशोधकांनीं एक नीलहरित जंतु मिळविला आणि त्याचा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध केला. अनुकूल परिस्थितींत तो सव्वादोन तासांच्या सुमारास दुप्पट होतो. नीलहरित जंतूंमध्यें ही गति मोठी आहे. त्याचा उपयोग पाहिला जात आहे तो मुख्यतः रसायनें बनविण्यासाठीं, विजेसाठीं नव्हे. पण ज्या गुणांसाठीं तो निवडला गेला तेच गुण घटालाहि हवे आहेत.

पिंपळगाव रेणुकाईपासून पाहिलें तर याहून जवळचें आणि याहून विचित्र उदाहरण शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत आहे. लोणारचें सरोवर उल्कापातानें झालेल्या, सुमारें १.८ किलोमीटर रुंदीच्या खळग्यांत आहे. त्याचें पाणी खारें व तीव्र क्षारयुक्त असून एरवीं तें नीलहरित जंतूंमुळें हिरवें दिसतें. २०२० च्या जूनमध्यें तें एकाएकीं गुलाबी झालें. नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासले तेव्हां असें आढळलें, कीं क्षार वाढल्यामुळें हॅलोआर्किया नांवाचे लवणप्रिय सूक्ष्म जीव माजले आणि पाण्याला त्यांचा रंग आला. नमुना स्थिर ठेवला कीं जीव तळाशीं बसत आणि पाणी पूर्ववत् नितळ होई.

या कुळांतील कित्येक जीवांजवळ प्रकाशापासून शक्ति मिळविण्याची एक निराळीच युक्ति आहे. १९७१ सालीं ओस्टरहेल्ट व स्टोकेनियस यांनीं अशा एका जीवाच्या आवरणांत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नांवाचें जांभळें प्रथिन शोधून काढलें. त्यांत हरितद्रव्य नाहीं. त्याच्या जागीं अ जीवनसत्त्वापासून होणारें, माणसाच्या डोळ्यांतहि असणारें रेटिनल हें द्रव्य आहे. प्रकाश पडला कीं हें प्रथिन पडद्याच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला ढकलतें, आणि दोन्ही बाजूंत विजेचा दाब उत्पन्न होतो. पाण्याचें विघटन नाहीं, त्यामुळें पानांतली ती जहाल झीज नाहीं. या पडद्याचें चिवटपण प्रसिद्ध आहे. वाळवून ठेवला तरी तो वर्षानुवर्षें काम देऊं शकतो. उणीव अशी कीं तो प्रोटॉन हलवितो आणि तारेला हवे असतात इलेक्ट्रॉन, म्हणून मध्यें दुभाषा ठेवावा लागतो आणि मिळणारा प्रवाह क्षीण राहतो. असे जीव प्रयोगशाळेंत खाऱ्या पाण्यांत वाढवितां येतात. २०२० च्या नोव्हेंबरांत आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत गेलेल्या लोणारच्या पाण्याला त्यासाठीं धक्का लावण्याचें कारण नाहीं.

आतां दोन्ही मार्गांचे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे काम कोठें अडलें आहे तें दिसतें. मर्शिन यांच्या घटाचा नखाएवढा, एक चौरस सेंटिमीटरचा तुकडा पूर्ण उन्हांत ८१ मायक्रोवॅट देत होता. केंब्रिजच्या चकतीच्या गरजेहून तें २७० पट अधिक आहे. शेतांतल्या मातीची ओल मोजून कळविणाऱ्या लहानशा यंत्राला एवढ्याशा शक्तींत काम भागवितां येईल, आणि त्यासाठीं एकरभर जागा झांकावी लागणार नाहीं. पण तो घट सुट्या प्रथिनांचा, म्हणून दुरुस्तीवांचूनचा आहे. केंब्रिजचें पात्र दुरुस्तीसह चालतें, पण पेशीच्या आवरणातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन फार थोडे. एका बाजूला प्रथिनांना अधिक टिकाऊ बैठक देण्याचे, आणि दुसऱ्या बाजूला जिवंत जंतूला आपले इलेक्ट्रॉन अधिक सैल हातानें बाहेर सोडावयास लावण्याचे प्रयोग चालले आहेत. दुसऱ्या कामांत जपावें लागतें तें एवढेंच कीं जंतूच्या स्वतःच्या पोटाला पुरेसे इलेक्ट्रॉन शिल्लक राहिले पाहिजेत; नाहीं तर कारागीर उपाशी राहतो आणि दुरुस्ती पुन्हां थांबते.